जुना लॅपटॉप दुसरा मॉनिटर म्हणून: एचडीएमआय केबलने का जमत नाही आणि मग कशाने जमतं

प्रश्न थोडक्यात असा: एक जुना लॅपटॉप पडून आहे. चालू होतो, स्क्रीनही स्वच्छ आहे, पण आजच्या कामाला फार संथ. तो नव्या लॅपटॉपचा दुसरा मॉनिटर म्हणून वापरायचा आहे. दोन्हींना एचडीएमआय पोर्ट आहे म्हणून केबल आणून दोन्हीकडे लावली, पण काहीच झालं नाही. केबल खराब आहे की सेटिंग चुकतंय?

दोन्ही नाही. लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट फक्त चित्र बाहेर पाठवतं, आत घेत नाही. जुन्या लॅपटॉपची स्क्रीन आतल्या एका पट्टीसारख्या केबलने थेट त्याच्याच मदरबोर्डला जोडलेली असते. बाहेरच्या पोर्टातून त्या स्क्रीनपर्यंत जाणारी वाटच बनवलेली नसते. दोन नळ पाइपाने एकमेकांना जोडले तर बादली भरत नाही, तसंच हे. सुदैवाने एचडीएमआय अशी जोडल्याने काही बिघडत नाही. मात्र दोन्ही टोकांना सारखाच चौकोनी प्लग असलेली साधी यूएसबी केबल दोन कॉम्प्युटरमध्ये लावू नका. दोन्ही बाजू पाच व्होल्ट पुरवतात आणि त्या भांडणात पोर्ट जाऊ शकतं. यूएसबी-सीवालेही विचारतात की छोटं पोर्ट तर दोन्हीकडे आहे, मग त्यातून चित्र का जात नाही? तिथेही तेच: चित्र पाठवणारे दोघं आहेत, घेणारा कोणी नाही.

याला अपवाद आहेत, पण मोजके. एलियनवेअरच्या काही जुन्या गेमिंग लॅपटॉपना एचडीएमआय इन दिलेलं होतं. काही ऑल-इन-वन कॉम्प्युटरच्या मागे 'इन' लिहिलेलं पोर्ट असतं आणि बाजूला इनपुट बदलायचं बटण. आणि ॲपलचे 2009 ते 2014 या काळातले बरेचसे आयमॅक. यांत टार्गेट डिस्प्ले मोड होता, म्हणजे आयमॅकच्या कीबोर्डवर कमांड आणि एफ-2 दाबलं की तो निव्वळ मॉनिटर व्हायचा. 2009च्या शेवटचे आणि 2010चे 27 इंची आयमॅक मिनी डिस्प्लेपोर्टने चालायचे, 2011 ते 2014च्या मध्यापर्यंतच्यांना थंडरबोल्ट केबल लागायची. पण त्या आयमॅकवर हाय सिएरा किंवा त्याआधीची मॅकओएस हवी आणि समोरचा मॅकही जुनाच, कॅटालिनापर्यंतचा. 2014च्या शेवटी 5के स्क्रीनचे आयमॅक आले आणि ही सोयच गेली. तुमच्याकडे जुना आयमॅक असेल तर त्याची ओएस अपडेट करण्यापूर्वी हे एकदा तपासा.

एक उपप्रश्न हटकून येतो: 'माझा जुना कॉम्प्युटर डेस्कटॉप आहे, त्याचं काय करू?' डेस्कटॉप असेल तर त्याचा मॉनिटर काढून सरळ नव्या लॅपटॉपला लावा. कॉम्प्युटर बाजूला ठेवा. हे सांगताना समोरचा थोडा ओशाळतो, पण सॉफ्टवेअर शोधण्यात दोन दिवस घालवलेले लोक मी पाहिले आहेत. मॉनिटर जुना असून त्याला फक्त व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीचं ॲनालॉग पोर्ट असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्या. नुसती पिना बदलणारी केबल नको, आत चिप असलेला कन्व्हर्टर हवा, कारण एक सिग्नल डिजिटल आहे आणि दुसरा ॲनालॉग. डीव्हीआय ते एचडीएमआयला मात्र साधी केबल पुरते.

आता मूळ लॅपटॉपकडे. पोर्टातून वाट नाही म्हटल्यावर उरतो मुख्य रस्ता: नेटवर्क. मुख्य लॅपटॉपवर एक खोटा, म्हणजे व्हर्च्युअल मॉनिटर तयार करायचा. विंडोजला वाटतं खरंच दुसरा मॉनिटर जोडलाय. त्यावर जे उमटतं ते पकडायचं, आवळून लहान करायचं, नेटवर्कवरून पाठवायचं आणि जुन्या लॅपटॉपवर उलगडून फुल स्क्रीन दाखवायचं. सगळी सॉफ्टवेअर आतून हेच करतात, नावं फक्त वेगळी.

'आवळून' हा शब्द महत्त्वाचा आहे. 1920 बाय 1080 म्हणजे सुमारे 20 लाख 74 हजार पिक्सेल, प्रत्येकाला 24 बिट, सेकंदाला 60 वेळा. गुणाकार केला तर सेकंदाला जवळपास तीन गिगाबिट होतात. एचडीएमआय केबल हे सहज वाहते. गिगाबिट इथरनेट त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर थांबतं आणि घरातलं वाय-फाय बहुधा त्याहून बरंच अलीकडे. म्हणून चित्र व्हिडिओसारखं आवळावंच लागतं, आणि आवळताना दोन गोष्टी जातात: थोडा वेळ आणि थोडा रेखीवपणा. पकडणं, आवळणं, पाठवणं, उलगडणं, दाखवणं या प्रत्येकात एखादी फ्रेम गेली तरी 60 हर्ट्झला फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची, म्हणजे एकूण 80 मिलिसेकंदांच्या आसपास. वाचताना हे कळतही नाही. माउस फिरवताना कळतं. गेम खेळताना तर राग येतो.

त्यामुळे अशा स्क्रीनवर काय ठेवायचं हे आधी ठरवा. पीडीएफ, मेल, चॅट, कॅलेंडर, सर्व्हरचे लॉग, ज्याच्याकडे बघून काम करायचं तो कागद, हे सगळं मस्त चालतं. टायपिंग चालतं, पण मी करत नाही. अक्षर बोटांच्या किंचित मागून येतं आणि तासाभराने डोकं शिणतं. व्हिडिओ एडिटिंग, फोटोचे रंग जुळवणं, गेम यांसाठी हा उद्योगच करू नका. सिनेमाच्या ॲप्सचंही सांगतो: कॉपी-संरक्षण असलेला व्हिडिओ अशा आभासी मॉनिटरवर बऱ्याचदा काळा चौकोन होऊन बसतो. ती तुमची चूक नाही.

विंडोजमध्ये हे आधीपासूनच आहे. जुन्या लॅपटॉपवर विंडोज 10 किंवा 11 असेल तर सेटिंग्ज उघडून सिस्टिममध्ये 'प्रोजेक्टिंग टू धिस पीसी' शोधा. तिथलं सगळं राखाडी दिसत असेल तर ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन 'वायरलेस डिस्प्ले' बसवा. 2016च्या अपडेटपासून हे कनेक्ट नावाने विंडोजमध्येच यायचं, 2020पासून ते वेगळं बसवावं लागतं. मग जुन्या लॅपटॉपवर कनेक्ट ॲप उघडून ठेवा, नव्यावर विंडोज की आणि के दाबा, जुन्याचं नाव दिसेल, त्यावर क्लिक करा. चित्र आलं की विंडोज आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडा. नाहीतर 'डुप्लिकेट'वर अडकून 'दोन्हीकडे एकच दिसतंय' म्हणून लोक सोडून देतात.

यामागचं तंत्र म्हणजे मिराकास्ट, वाय-फाय अलायन्सचं 2012चं. ते दोन यंत्रांत थेट वाय-फाय जोडणी करतं, म्हणून दोन्हीकडे वाय-फाय असावं आणि चालू असावं लागतं. इथरनेटवर चालणाऱ्या, वाय-फाय कार्डच नसलेल्या डेस्कटॉपवरून हे सुरूच होत नाही. जुन्या कार्डाला मिराकास्ट येतं का हे डीएक्सडायग (विंडोजमधलंच तपासणीचं साधन) चालवून, त्याची माहिती फाइलमध्ये सेव्ह करून त्यातली मिराकास्टची ओळ वाचली की कळतं. 'अव्हेलेबल' असेल तर पुढे जा, नसेल तर वेळ घालवू नका.

माझं मत विचाराल तर मिराकास्ट पाच मिनिटांच्या कामाला ठीक आहे. मीटिंगमध्ये कुणाला काही दाखवायचंय, दाखवलं, बंद केलं. रोज आठ तास टेबलावर ठेवायला ते लहरी आहे. शेजारच्या खोलीत कुणी मोठं डाउनलोड लावलं की चित्राचे चौकोन पडतात, आणि का पडले हे शोधायला हातात काही नसतं.

रोजच्या वापरासाठी मी स्पेसडेस्क नावाचं सॉफ्टवेअर सुचवतो. मुख्य लॅपटॉपवर त्याचा ड्रायव्हर बसवायचा, जुन्यावर व्ह्यूअर. व्ह्यूअर विंडोज, अँड्रॉइड, आयओएससाठी आहे आणि ब्राउझरमध्येही चालतो, त्यामुळे जुन्यावर हलकं लिनक्स टाकलं असलं तरी अडत नाही. वैयक्तिक वापराला ते फुकट आहे, ऑफिसात वापरणार असाल तर परवान्याच्या अटी वाचा. मुख्य म्हणजे ते साध्या नेटवर्कवर चालतं, म्हणजे वायरवरही. आणि इथेच सगळा फरक पडतो.

दोन्ही लॅपटॉप एकाच वाय-फाय राउटरवर असले की प्रत्येक फ्रेम हवेतून दोनदा जाते: तुमच्याकडून राउटरकडे, राउटरकडून जुन्याकडे. एकाच चॅनलवर दोन्ही असतील तर हाती येणारा वेग साधारण निम्मा होतो. त्यात जुन्या लॅपटॉपचं वाय-फाय जुनं, मग आणखी रडगाणं. सॉफ्टवेअर बदलून, सेटिंगचे स्लायडर हलवून लोक दमतात. एक इथरनेट केबल घ्या, एक टोक याला, दुसरं त्याला. राउटर नको, स्विच नको. पूर्वी यासाठी क्रॉसओव्हर केबल लागायची, गिगाबिट पोर्ट मात्र हे आपणहून जुळवून घेतात, साधी केबल चालते. जुन्याचं पोर्ट 100 मेगाबिटचं असलं तरी आवळलेल्या चित्राला पुरतं. नव्या पातळ लॅपटॉपला इथरनेटचं भोकच नसेल तर यूएसबीचं छोटं अडॅप्टर लावा.

आता ही केबल लावल्यावर काय होतं ते जरा सावकाश सांगतो, कारण इथेच बहुतेक जण अडखळतात. दोन्ही लॅपटॉप एकमेकांकडे पत्ता मागत बसतात, पण पत्ता देणारा राउटर मधे नाही. थोड्या वेळाने दोघंही 169.254ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात. त्यावरही काम भागतं, पण तो पत्ता बदलू शकतो, म्हणून मी हाताने देतो. नेटवर्क अडॅप्टरच्या आयपी व्ही-4 सेटिंगमध्ये मुख्य लॅपटॉपला 192.168.50.1, जुन्याला 192.168.50.2, दोन्हीकडे सबनेट मास्क 255.255.255.0. गेटवेची, म्हणजे बाहेर इंटरनेटकडे जायच्या वाटेची चौकट रिकामी ठेवा. 'रिकामी कशी सोडायची' म्हणून लोक तिथे काहीतरी भरतात, मग विंडोजला वाटतं इंटरनेट या वायरीतून आहे. ती वाय-फाय सोडून इकडे वळते आणि इंटरनेट बंद. रिकामी ठेवलीत की इंटरनेट वाय-फायवरून आणि चित्र वायरवरून, दोघं आपापल्या वाटेने.

यानंतरही व्ह्यूअर 'सापडत नाही' म्हणाला तर ती फायरवॉल. गेटवे नसलेल्या जोडणीला विंडोज 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क' म्हणते आणि पब्लिक समजून दारं लावून घेते. स्पेसडेस्क टीसीपीच्या 28252 या पोर्टवर ऐकतं (हे पोर्ट म्हणजे केबलचं भोक नव्हे, नेटवर्कवरच्या दाराचा नंबर). ते सगळ्या पब्लिक नेटवर्कसाठी उघडणं हा सोपा उपाय, पण तोच लॅपटॉप तुम्ही बाहेरच्या वाय-फायवर नेता तेव्हा तिथेही ते उघडं राहतं. म्हणून फायरवॉलच्या प्रगत सेटिंगमध्ये या पोर्टसाठी केलेल्या नियमाच्या 'स्कोप'मध्ये जाऊन दूरचा पत्ता फक्त 192.168.50.2 असा बांधून टाका. दोन मिनिटांचं काम आहे.

चित्र आलं की लोक खूश होतात, आणि दहा मिनिटांनी म्हणतात, 'पण अक्षरं पुसट आहेत.' बहुतेक वेळा कारण रिझोल्यूशन असतं. जुन्या लॅपटॉपच्या स्क्रीन बऱ्याचशा 1366 बाय 768च्या आहेत. सॉफ्टवेअरने आभासी मॉनिटर 1920 बाय 1080चा बनवला तर तो आक्रसून बसवावा लागतो, म्हणजे मूळच्या 1.4 पिक्सेलचा एक पिक्सेल. अर्धा पिक्सेल दाखवता येत नाही, मग कडा राखाडी होतात. इंग्रजी अक्षरं हे थोडंफार सोसतात. देवनागरीत सगळ्यात आधी अनुस्वार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात, 'मे' आणि 'में' ओळखू येत नाही, आणि रफार तर शिरोरेषेवरचा डाग वाटतो. उपाय सरळ आहे: मुख्य लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये दुसरा मॉनिटर निवडा, त्याचं रिझोल्यूशन जुन्या स्क्रीनच्या खऱ्या रिझोल्यूशनइतकंच ठेवा आणि स्केल 100 टक्के. जुन्या लॅपटॉपचं स्वतःचं स्केलिंगही 100 करा, हे विसरायला होतं. पिक्सेलला पिक्सेल जुळला की मजकूर एकदम उठून येतो. 768 ओळींत मावतं कमी, हे खरं, पण वाचता येतं.

ते जुळवूनही रंगीत अक्षरंच पुसट दिसत असतील तर कारण वेगळं. एक चाचणी करा: काळ्या पार्श्वभूमीवर एक ओळ पांढऱ्या अक्षरांत आणि एक लालभडक अक्षरांत लिहा. पांढरी नीट आणि लाल फिसकटलेली दिसली तर व्हिडिओ आवळताना रंगाची काटकसर होतेय. उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, रंगाची मात्र चार पिक्सेलच्या चौकोनाला एकच. चालत्या व्हिडिओत डोळ्याला ते कळत नाही, बारीक लाल-निळ्या अक्षरात लगेच कळतं. गुणवत्तेचा स्लायडर वर नेऊन यात फारसा फरक पडत नाही. कोड लिहिणाऱ्यांनी त्या स्क्रीनपुरती फिकट पार्श्वभूमी आणि गडद अक्षरांची थीम घ्यावी, त्रास निम्मा होतो.

यापेक्षा गुळगुळीत हवं असेल तर सनशाइन आणि मूनलाइट ही जोडी आहे. मुळात दुसऱ्या खोलीतला गेम पाहण्यासाठी बनवलेली, दोन्ही मुक्त स्रोत. मुख्य यंत्रावर सनशाइन, जुन्यावर मूनलाइट. आवळण्याचं काम ग्राफिक्स चिप करते, त्यामुळे उशीर खूप कमी. पण आभासी मॉनिटर तुम्हाला वेगळा तयार करावा लागतो: व्हर्च्युअल डिस्प्ले ड्रायव्हर बसवून, किंवा एचडीएमआय पोर्टात डमी प्लग खोचून. हा प्लग म्हणजे अंगठ्याएवढं टोपण, आत एक चिप, ती 'मी मॉनिटर आहे' एवढंच सांगते. डेस्करीन नावाचं ब्राउझरवर चालणारं सॉफ्टवेअरही असाच प्लग मागतं, नाहीतर ते मुख्य स्क्रीनचाच आरसा दाखवतं. मूनलाइटसाठी जुन्या लॅपटॉपला एच-264 (व्हिडिओ आवळायची एक पद्धत) हार्डवेअरमध्ये उलगडता यायला हवं. 2011 नंतरच्या इंटेल कोअर चिपना ते येतं. एचईव्हीसी ही त्यापुढची पद्धत हवी असेल तर सहाव्या पिढीपासून पुढचं, म्हणजे 2015 नंतरचं. त्याहून जुन्यावर प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो आणि पंखा विमानासारखा ओरडतो.

मॅकवाल्यांचं काम त्या मानाने सोपं, दोन्ही मॅक पुरेसे नवे असतील तर. 2021च्या मॅकओएस मॉन्टेरेपासून मॅक स्वतः एअरप्ले, म्हणजे ॲपलच्या दुसऱ्या यंत्राने पाठवलेलं चित्र, घेऊ शकतो: 2018 किंवा पुढचे मॅकबुक एअर आणि प्रो, 2019 किंवा पुढचे आयमॅक. यूएसबी केबलने जोडलं तर आणखी स्थिर. लिनक्सवर केडीई या डेस्कटॉपच्या नव्या आवृत्त्यांत आभासी मॉनिटर बनवून तो व्हीएनसीने, म्हणजे नेटवर्कवरून स्क्रीन दाखवायच्या एका पद्धतीने, पाठवता येतो. चालतं, पण हात काळे करायची तयारी हवी.

कॅप्चर कार्डाचंही कुणीतरी विचारणारच. एचडीएमआय घेऊन यूएसबीत देणारी छोटी डबी जुन्या लॅपटॉपला लावायची, नव्याची एचडीएमआय केबल त्या डबीत आणि जुन्यावर ओबीएस हे व्हिडिओ दाखवणारं-रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर फुल स्क्रीन उघडायचं. होतं, आणि मुख्य लॅपटॉपला तो खराखुरा मॉनिटर वाटतो, त्यावर एकही सॉफ्टवेअर बसवावं लागत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर काही बसवायची परवानगी नसते त्यांना हा मार्ग सोयीचा. यूएसबी 2.0वर चालणाऱ्या स्वस्त डब्या 1080ला सेकंदाला 30 फ्रेमच देतात आणि त्याही जेपीईजीसारख्या आवळून. माउसचा बाण जरा लंगडतो.

हे सगळं सांगून झाल्यावर मी एक उलटा प्रश्न विचारतो. तुम्हाला खरंच 'एका कॉम्प्युटरच्या दोन स्क्रीन' हव्या आहेत, की नजरेसमोर दोन स्क्रीन आणि हाताखाली एकच माउस? कारण दुसरं हवं असेल तर चित्र पाठवायची गरजच नाही. जुन्या लॅपटॉपला त्याचं काम त्याचंच करू द्या: मेल, चॅट, गाणी, संदर्भाची पीडीएफ. फक्त माउस आणि कीबोर्ड एक करा. मायक्रोसॉफ्टचं माउस विदाउट बॉर्डर्स 2023पासून पॉवरटॉइज या त्यांच्याच साधनसंचात आलंय आणि चार यंत्रांपर्यंत जोडतं. बाण स्क्रीनच्या कडेला नेला की तो शेजारच्या लॅपटॉपवर उतरतो, कीबोर्डही त्याच्यामागे जातो, इकडे कॉपी केलेलं तिकडे पेस्ट होतं. एका वेळी एक फाइल, 100 एमबीपर्यंतची, तीही जाते. विंडोज आणि लिनक्स असं मिश्रण असेल तर इनपुट लीप किंवा डेस्कफ्लो. बॅरिअर बऱ्याच जुन्या लेखांत सुचवलेलं दिसेल, पण त्याचं काम थांबलंय. मॅकमध्ये हेच युनिव्हर्सल कंट्रोल नावाने मॅकओएस 12.3पासून आहे.

यात नेटवर्कवरून माउस-कीबोर्डच्या हालचाली आणि कॉपी केलेलं तेवढं जातं, चित्र नाही. म्हणून अक्षरं पुसट नाहीत, रंग शाबूत, उशीर नगण्य, आणि मुख्य लॅपटॉपवर ब्राउझरचे चाळीस टॅब उघडे असतील तर त्यातले वीस जुन्याच्या डोक्यावर टाकता येतात. एकच गोष्ट जमत नाही: खिडकी धरून या स्क्रीनवरून त्या स्क्रीनवर ओढता येत नाही. माझ्या टेबलावर गेली काही वर्षं हीच व्यवस्था आहे. ज्यांना मी ही सुचवली त्यातले बरेच जण मूळ बेत विसरून गेले. ज्यांना एकच मोठी स्प्रेडशीट दोन स्क्रीनभर पसरायची आहे, त्यांना मात्र वरचं सगळं करावं लागेल.

आणि लॅपटॉप चालूच होत नसेल, पण स्क्रीन चांगली असेल तर? मग स्क्रीनचं पॅनल बाहेर काढून तिचा खरा मॉनिटर होतो. पॅनलच्या पाठीवर छापलेला मॉडेल नंबर अक्षर न अक्षर उतरवून घ्या आणि त्याच नंबरसाठीचं कंट्रोलर बोर्ड मागवा. 'पंधरा इंची' एवढ्यावर मागवू नका. जुन्या एलव्हीडीएस पॅनलचा आणि नव्या ईडीपी पॅनलचा कनेक्टर, सिग्नल, सगळं वेगळं असतं. बोर्डाला एचडीएमआय इन असतं आणि बहुधा 12 व्होल्टचं अडॅप्टर लागतं. मग ना सॉफ्टवेअर ना नेटवर्क. एक धोक्याची सूचना: पॅनल फार जुनं असून मागचा उजेड एलईडीऐवजी ट्यूबचा असेल तर त्याला इन्व्हर्टर लागतो आणि त्यावर काही शे व्होल्ट असतात. अनुभव नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. बाकी पॅनलची काच वाकली की गेलीच, तेव्हा उघडताना घाई नको.

चालू लॅपटॉप मॉनिटर म्हणून दिवसभर चार्जरवर राहणार, तर बॅटरीकडे बघा. निघणारी असेल तर काढून ठेवा. आतली असेल आणि बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) चार्जिंगची मर्यादा ठेवता येत असेल तर ती ठेवा. टचपॅड वर उचललेला दिसतोय किंवा खालचं झाकण फुगलंय असं वाटलं तर तो लॅपटॉप वापरूच नका, आधी बॅटरी बदलून घ्या. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप आणि स्क्रीन बंद होणं दोन्ही 'नेव्हर'वर टाका, नाहीतर जुना लॅपटॉप 'माझ्याकडे कुणी बघत नाही' म्हणून दर दहा मिनिटांनी झोपतो, कारण त्याच्या कीबोर्डला कोणी हात लावत नसतं. आणि त्यावर विंडोज 7 असेल (2020मध्येच त्याचे अपडेट संपले) किंवा अपडेट न मिळणारं विंडोज 10, तर त्याचं वाय-फाय बंद ठेवा. केबलवर त्याला इंटरनेटची गरज नाही, हा त्या थेट वायरीचा आणखी एक फायदा. मात्र मेल-चॅट जुन्यावरच चालवणार असाल तर त्याला अपडेट मिळणारी ओएस हवीच, हलकं लिनक्स चालेल.

पहिल्या आठवड्यात एकदा तरी हे होईल: जुना लॅपटॉप बंद केलात, पण आभासी मॉनिटर मागे तसाच राहिला. मग एखादा प्रोग्रॅम उघडला की तो त्या न दिसणाऱ्या स्क्रीनवर उघडतो. टास्कबारवर आहे, समोर नाही. घाबरून रीस्टार्ट करू नका. टास्कबारवर त्याच्यावर क्लिक करून विंडोज, शिफ्ट आणि डावा बाण एकत्र दाबा. नाहीच आला तर उजवा.